ओट्यामागच्या भिंतीला काय लावायचं? टाइलच्या आधी सांधे मोजा

जळगावात फ्लॅट घेतला तेव्हा ओट्यामागे मी हौसेने एक इंची पांढरी मोझॅइक लावून घेतली. दुकानातल्या लाइटांखाली ती अशी चमकत होती, की हे शेजारी उभं राहून "पुसायला जड जाईल गं" म्हणत होते ते मला ऐकूच आलं नाही. पहिल्याच आठवड्यात शेवभाजी झाली, मग पातोड्यांचा रस्सा झाला, थंडीत भरताची वांगी गॅसवर भाजली. होळीपर्यंत गॅसमागचा सगळा भाग हळदीच्या गाठीसारखा पिवळा. जवळ जाऊन बघितलं तर टाइल पांढरीच होती, पिवळे झाले होते ते सांधे. पुढची तीन वर्षं रविवारची दुपार जुना टूथब्रश घेऊन त्या सांध्यांत गेली.

मग ती काढून दुसरी लावली. नंतर सासरी, अमळनेर तालुक्यातल्या गावी, धाब्याच्या, म्हणजे मातीचं सपाट छत असलेल्या घरातलं स्वयंपाकघर नीट करायला घेतलं आणि तिथे वेगळीच गंमत झाली. दोन घरांत मिळून तीन भिंती झाल्या. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते.

एक शब्द आधीच सांगून ठेवते. इंटरनेटवर याला बॅकस्प्लॅश म्हणतात. आपल्याकडे दुकानात किंवा मिस्त्रीला तसं म्हणालात तर तो तुमच्या तोंडाकडे बघेल. 'डॅडो' म्हणा, नाहीतर सरळ 'ओट्यामागची टाइल' म्हणा.

१. आधी भिंत पुसून बघा

दुकानात जाण्याआधी हे घरच्या घरी करा. जुनं स्वयंपाकघर असेल तर त्याच भिंतीवर, नवं घर असेल तर सध्या जिथे राहता तिथे. पांढरं सुती फडकं घ्या, ओट्यापासून वर एकेक वीत अंतरावर भिंत घासा, दर वेळी फडक्याची नवी घडी. मग गॅसच्या डावी-उजवीकडेही तसंच करा.

आमच्याकडे पहिल्या विती​ला फडकं तपकिरी झालं. दुसऱ्या-तिसऱ्या वितीला लालसर पिवळं, म्हणजे फोडणीची हळद आणि काळ्या मसाल्याची तर्री. सहाव्या वितीला, म्हणजे जवळजवळ साडेचार फुटांवर, रंग नव्हता पण बोट चिकटत होतं. बाजूला दीड फुटापर्यंत तेच. सिंकमागे गेले तर तेलाचा पत्ता नाही, पण पांढरे ठिपके. बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो ना, तोच.

म्हणजे एकाच ओट्यामागे दोन वेगळ्या भिंती असतात. गॅसमागे तेल, हळद आणि आच. सिंकमागे जड पाणी. पहिल्या भागाला असं काहीतरी हवं की जे तेल पीत नाही आणि आचेला वाकत नाही. दुसऱ्या भागाला असं, की ज्यावर पाण्याचे डाग उठून दिसत नाहीत. काळी चकचकीत टाइल सिंकमागे लावलेली माझी जाऊ दिवसातून दोनदा भिंत पुसते, आणि तरी ठिपके दिसतातच.

आपला स्वयंपाक कसा आहे तेही प्रामाणिकपणे बघा. चिमणी लावली म्हणून भिंतीवर काही उडणार नाही, असं विकणारा सांगतो. चिमणी धूर आणि वाफ ओढते. तडतडणारी मोहरी, गरम तेलात टाकलेला ठेचा आणि गॅसवर फुटणारं वांगं यांना ती आडवी येत नाही. खापरावरचे मांडे मात्र चुलीवर अंगणातच होतात, त्यांची चिंता भिंतीने करायची नाही.

२. भिंत कशाची आहे ते ओळखा

साधी विटांची भिंत आणि सिमेंटचा गिलावा असेल तर प्रश्न नाही. वर ऑइलपेंट असेल तर तो खरवडून, छिन्नीने खाचा पाडून भिंत खडबडीत करून घ्या, नाहीतर टाइल रंगाला चिकटते आणि रंगासकट सुटते.

नव्या फ्लॅटमध्ये एक चकवा असतो. भिंत गुळगुळीत पांढरी दिसते, नखाने ओरखडली की खडूसारखी भुकटी निघते. तो जिप्समचा गिलावा. पाणी लागलं की तो भुसभुशीत होतो, आणि सिमेंटशी त्याचं पटत नाही. ओट्यामागे तेवढा भाग खरवडून सिमेंटचा गिलावा करून घ्या, सात दिवस पाणी मारा, मग टाइल.

पोपडे सुटले असतील, पांढरा खार फुटला असेल, तर आधी ओल कुठून येते ते शोधा. बहुतेक वेळा भिंतीपलीकडे बाथरूम निघतं. टाइल लावून ओल झाकता येते असं वाटतं. ती वर चढते आणि टाइलच्या वरच्या कडेला रंग उडवते.

जुन्या टाइलवरच नवी लावता येते का? येते, जुनी घट्ट असेल आणि टाइलचं ॲडहेसिव्ह वापरलं तर. पण भिंत सेंटीमीटरभर पुढे येते, स्विचबोर्ड खड्ड्यात जातात आणि नळाची फिरकी आत दबते. मी काढूनच टाकली.

आता धाब्याचं घर. गावाकडे ज्यांचं जुनं घर आहे त्यांनी हा भाग सोडू नका.

आमच्या घराच्या भिंती दगड आणि पांढऱ्या मातीच्या, दीड हात जाड, मधे सागाचे खांब. सासऱ्यांनी पूर्वी कधीतरी ओट्यामागे मातीवरच सिमेंट थापून टाइल लावून घेतल्या होत्या. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. सिमेंटला ते जमत नाही. एका श्रावणात सासूबाई देवाला निवेद दाखवत होत्या आणि मागे धाडकन आवाज झाला. चार टाइल्स सिमेंटच्या पाठीसकट ओट्यावर. मागे हात लावला तर माती जशीच्या तशी होती, सिमेंटने तिला धरलंच नव्हतं.

यावर दोन मार्ग. एक, मातीचा लेप दगडापर्यंत काढायचा, दगडांमधले सांधे खोल कोरायचे, कोंबडीजाळी ठोकून सिमेंटचा गिलावा करायचा आणि मग टाइल. खर्च बराच, आणि जाळीचे खिळे मातीत किती धरतील हा प्रश्न राहतोच. दुसरा मार्ग आम्ही घेतला. भिंतीला हातच लावला नाही. दोन खांबांमध्ये लोखंडी पट्ट्यांची चौकट बसवली, तिच्यावर सिमेंट बोर्ड, बोर्डावर स्टीलचा पत्रा. सगळा भार खांबांवर. माती मागे फुगो नाहीतर आकसो. मिस्त्री प्लायवूड म्हणत होता, सासूबाईंनी एका शब्दात उडवून लावलं: "वाळवी." मातीच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा.

३. माप घ्या, आणि सांधेही मोजा

ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत साधारण दोन फूट असतात. आमचा ओटा एल आकाराचा, आठ फूट आणि पाच फूट. १३ × २ म्हणजे २६ चौरस फूट. गॅसमागे तीन फूट रुंदीत मी टाइल आणखी चार फूट वर नेली, ते १२. एकूण ३८. तुटफूट आणि कापाकापीचे दहा टक्के धरले की ४२.

आता खरी गोष्ट. बाजारात सगळे टाइल बघतात. खराब होतो तो सांधा. म्हणून माझा हिशोब असा, की त्या ३८ चौरस फुटांत सांध्यांची लांबी किती होते ते काढायचं:

- एक इंची मोझॅइक: चौरस फुटाला २४ फूट सांधा. एकूण ९१२ फूट.
- ३ × ६ इंचांची सबवे टाइल: चौरस फुटाला ६ फूट. एकूण २२८ फूट.
- १२ × १८ इंच: चौरस फुटाला पावणेदोन फुटांपेक्षा थोडा कमी. एकूण ६० ते ६५ फूट.
- १२ × २४ इंच: चौरस फुटाला दीड फूट. एकूण ५७ फूट.
- २ × ४ फूट: चौरस फुटाला पाऊण फूट. एकूण २८-२९ फूट.
- काच, स्टील किंवा ग्रॅनाइटचा सलग तुकडा: जिथे दोन तुकडे भेटतात तेवढाच.

नऊशे बारा फूट. मी तीन वर्षं टूथब्रशने काय घासत होते ते हा आकडा काढल्यावर कळलं. आणि मोझॅइक जाळीवर चिकटवलेली फुटाफुटाच्या तावात येत असल्यामुळे दुकानात ती 'एक टाइल' वाटते, सांधे डोळ्यांत भरतच नाहीत.

४. आता मटेरियल

*ग्लेझ्ड सिरॅमिक.* बहुतेक घरांना हीच पुरते, आणि खिशालाही हलकी. पुढून काचेसारखा ग्लेझ, त्यावर तेल-हळद टिकत नाही. मागून लालसर किंवा पांढरी माती, जी पाणी पिते, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त. म्हणूनच साध्या सिमेंटवर लावण्याआधी ती पाण्यात भिजवायची असते. हलकी असते, घरच्या कटरने कापली जाते. मात्र 'चकचकीत'च घ्या. मॅट आता चालतं म्हणून सगळे मॅट दाखवतात. सिंकमागे मॅट चालेल, गॅसमागे मॅटवर तेलाचा हात बसला की तो पुसून पसरतो. खडबडीत, उठावाची, दगडासारखी दिसणारी टाइल तर गॅसमागे नकोच. तिच्या खळग्यांत जे जमतं ते काढायला घरात कोणाला वेळ नाही.

'हायलायटर' म्हणून कपबशी, स्ट्रॉबेरी, द्राक्षांचे घोस असलेल्या टाइल्स मिळतात. ज्याची त्याची आवड. पण फुटली तर दोन वर्षांनी तीच स्ट्रॉबेरी मिळत नाही.

*व्हिट्रिफाइड.* पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पिते, त्यामुळे मजबूत आणि डागांना पक्की. मोठ्या मापात येते, म्हणजे सांधे कमी. मी दुसऱ्या वेळी हीच लावली, १२ × २४ इंचांची. पण जिच्यात पाणी शिरत नाही तिच्यात सिमेंटचं पाणीही शिरत नाही. साध्या सिमेंटवर लावली की ती धरत नाही. हिला ॲडहेसिव्हच हवं. पिशवीवर आयएस १५४७७ (हे ॲडहेसिव्हचं भारतीय मानक) आणि 'टाइप' छापलेला असतो, टाइप २ किंवा त्यापुढचा मागा.

*ग्रॅनाइट.* ओट्याचाच दगड भिंतीवर चढवायचा. दिसायला एकसंध, आचेला पक्का, लिंबू-चिंचेला दाद देत नाही. गडद रंग घेतलात तर तेल-हळदीचा डागही कळत नाही. अडचण वजनाची. सहा इंचांची पट्टी चढवणं वेगळं आणि दोन फुटांचा सलग तुकडा वेगळं. फ्लॅटच्या चार इंची भिंतीवर मोठा तुकडा चढवण्याआधी अनुभवी माणसाला दाखवा. फिकट ग्रॅनाइट तेल पितो, त्याला सीलर लावावा लागतो आणि अधूनमधून पुन्हा लावावा लागतो.

*मार्बल आणि कडप्पा.* दोन्ही चुन्याचे दगड. लिंबू, चिंच, दही, व्हिनेगर पडलं की चमक जाते, तिथे फिक्कट डाग उरतो आणि तो पुसून जात नाही, कारण तो डाग नसतोच, दगडच झिजलेला असतो. कडप्पा ओट्याखाली कप्प्यांना उत्तम. गॅसमागे दोन्ही नकोत.

*क्वार्ट्ज.* दगडाचा चुरा आणि रेझिन. दिसतं देखणं, पण रेझिनला थेट आच सोसत नाही, रंग पिवळट पडतो. मागचा बर्नर भिंतीजवळ असेल तर विचार सोडा.

*काच.* मागून रंग दिलेली. सांधा जवळपास नाही, एका फडक्यात साफ. माझ्या नणंदेने धुळ्याला लावली आहे आणि तिच्या घरी गेले की मला हेवा वाटतो. पण गॅसमागे टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेलीच हवी, साधी काच आचेने तडकते. आणि टफन केलेली काच नंतर कापता किंवा भोकं पाडता येत नाही. स्विचबोर्ड, नळ, हुक यांची जागा काच भट्टीत जाण्याआधी ठरलेली पाहिजे. नणंदेच्या एका बोर्डाचं माप अर्ध्या इंचाने चुकलं. अख्खी काच पुन्हा करावी लागली, आणि चूक कोणाची यावर काचवाला आणि इलेक्ट्रिशियन एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. माप काचवाल्यालाच घ्यायला लावा, आणि तेही बोर्ड बसल्यावर.

*स्टीलचा पत्रा.* हॉटेलांच्या भटारखान्यात तो उगाच नसतो. तेल, आच, पाणी, सगळं सोसतो. ३०४ ग्रेड मागा, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. दुकानदार खिशातून चुंबक काढून दाखवेल, "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४." फसू नका. स्वस्तातल्या २०२ लाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. आरशासारखा चकचकीत नको, बारीक रेघांचा ब्रश केलेला घ्या, ओरखडे कमी दिसतात. कडा आत वळवून घ्या, नाहीतर हात कापतो. स्विचबोर्ड पत्र्यावर बसवायचा नाही, बाजूच्या भिंतीवर घ्यायचा. गावी आम्ही तसंच केलं.

*पीव्हीसी पॅनल, एसीपी, चिकटवायचे स्टिकर.* एका दिवसात काम होतं, स्वस्त पडतं, भाड्याच्या घरात मोह होतो. पीव्हीसी ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मागच्या बर्नरवर बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) घाट्याचं मोठं पातेलं तासभर ठेवलं की भिंत किती तापते, हात लावून बघा. एसीपीच्या दोन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये बहुतेक वेळा प्लास्टिकच असतं. सिंकमागे लावायचं तर लावा, गॅसपासून लांब ठेवा.

५. दुकानात जाताना

सोबत हे न्या: भिंतीचं कागदावर काढलेलं माप (बोर्ड, खिडकी, नळ दाखवून), ओट्याच्या दगडाचा एक तुकडा, पाण्याची बाटली, आणि डबीत चमचाभर तेलात कालवलेली हळद. हसू नका, शेवटच्या दोन गोष्टींनीच माझं काम झालं.

टाइल उलटी करून मागे पाण्याचे थेंब टाका. लगेच पिऊन टाकले तर सिरॅमिक, तसेच राहिले तर व्हिट्रिफाइड. बिलावर काहीही लिहू दे. मग दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा. मधे फट दिसली किंवा डुगडुगल्या तर टाइल वाकडी आहे, भिंतीवर कडा वर-खाली येणार. पेटीवर प्रीमियम, स्टँडर्ड की कमर्शियल ते वाचा. स्टँडर्ड म्हणजे 'चांगलं' नव्हे, प्रीमियममधून बाजूला काढलेला माल.

एक नमुना मागून घरी आणा, त्यावर हळदीचं तेल आणि लिंबाचा रस रात्रभर ठेवा. सकाळी ओल्या फडक्याने पुसा. जे राहील ते कायम राहील. आणि रंग घरीच, ओट्याच्या दगडाशेजारी, सकाळी एकदा आणि ट्यूबलाइटखाली एकदा बघा.

भाव विचारताना तो चौरस फुटाचा की पेटीचा, आणि जीएसटी धरून की सोडून, हे आधी स्पष्ट करा. १२ × १८ च्या पेटीत बहुधा सहा टाइल्स, म्हणजे नऊ चौरस फूट. ४२ ला पाच पेट्या लागतात. सगळ्या पेट्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच पाहिजे, गाडीत चढवण्याआधी स्वतः वाचा. आमच्या पेट्यांपैकी एक वेगळ्या शेडची निघाली. दुकानात दोन्ही पांढऱ्याच दिसत होत्या, भिंतीवर एक ओळ दुधासारखी आणि बाकीची सायीसारखी दिसली असती.

आपल्याकडचा बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीहूनच येतो. नंदुरबार-नवापूरकडची मंडळी म्हणतात, सुरत रस्त्याने थेट तिकडून मागवू. अख्ख्या बंगल्याची फरशी असेल तर हिशोब जमतो. पाच पेट्यांसाठी भाडं आणि फुटलेल्या टाइल्स यांतच बचत जाते, आणि एक पेटी कमी पडली की बसा वाट बघत.

६. ग्राउट: इथे हात आखडू नका

ग्राउट म्हणजे सांध्यांत भरायचा मसाला. सांधे मोजले ते याच्यासाठी. व्हाइट सिमेंट भरू देऊ नका. मिस्त्री ते भरतो, कारण ते त्याच्या पिशवीत असतंच. ते तेल पितं, हळद पितं, आणि वर्षभरात कडेने गळायला लागतं.

गॅसमागे एपॉक्सी ग्राउट. दोन डब्यांतलं कालवून भरायचं असतं, महाग असतं, पण त्यात काही मुरत नाही. मोठी टाइल घेतलीत तर सांधे इतके कमी की एक छोटा पॅक पुरतो. मोझॅइकला हेच घ्यायला गेलात तर ग्राउटच टाइलच्या भावाला टेकेल. बाकी भिंतीला साधं सिमेंटचं ग्राउट चालेल, रंग टाइलपेक्षा एक छटा गडद.

एपॉक्सी कधी न भरलेल्या माणसाच्या हाती देऊ नका. टाइलवर पसरलेला चिकट थर वेळेत पुसला नाही तर तो कायमचा धुरकट डाग होतो. आपल्या उन्हाळ्यात ते आणखी लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडंच कालवायला सांगा.

हळद बसलेलं जुनं ग्राउट असेल आणि लगेच काढायचं नसेल, तर एक घरगुती गोष्ट सांगते: हळदीचा रंग उन्हाने उडतो. आमच्या पूर्वेच्या खिडकीतून जिथे सकाळचं ऊन पडायचं तिथले सांधे इतरांपेक्षा फिके होते. अर्थात खिडकी हलवता येत नाही.

७. मिस्त्री आणि दिवस

मे महिन्यात काम काढू नका. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांत कोरडी भिंत ॲडहेसिव्हचं पाणी क्षणात ओढून घेते, वर साय धरते आणि टाइल नुसती टेकते, धरत नाही. काढलंच तर सकाळी सात ते अकरा, भिंतीवर आधी पाण्याचा हात मारून. दिवाळी झाल्यावर ते होळीपर्यंतचे दिवस उत्तम. दिवाळीच्या आधी मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर तीन घरांत एकदम काम करत असतो.

मजुरी चौरस फुटाने की रनिंग फुटाने (नुसत्या लांबीवर) हे आधी ठरवा. बोर्डाची चौकोनी भोकं, कडेचं घासकाम आणि ग्राउट त्यात धरलंय का, तेही विचारा. आमच्या मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "ताई, बठ्ठं व्हई जाई, कायजी करू नका." झालंही, पण भोकांचे पैसे शेवटी वेगळे लागले.

त्याच्याकडे पाणसळ (पातळी बघायला), गुण्या (काटकोनाला), ओळंबा (उभी रेष बघायला), दोन मिलिमीटरचे स्पेसर (सांध्यांची फट सारखी ठेवायला), खाचांची थापी, रबरी हातोडा आणि टाइल कटर आहे का बघा. स्पेसर नसतील आणि "नजरेने बसवतो" म्हणाला तर स्पेसर तुम्ही आणून द्या, थोड्याच पैशांची गोष्ट आहे.

काम सुरू होण्याआधी इलेक्ट्रिशियनचं काम संपलेलं पाहिजे. मिक्सर, वॉटर फिल्टर, ओव्हन यांचे पॉइंट ओट्यापासून निदान एक वीत वर, सिंकपासून आणि गॅसपासून लांब. टाइल लागल्यावर "एक पॉइंट राहिला" म्हणालात तर नवी टाइल फोडावी लागते. मी म्हणाले होते.

मिस्त्रीला सांगा, आधी एक ओळ कोरडीच ओट्यावर मांडून दाखव. पूर्ण टाइल गॅसच्या मधोमध यावी, कापलेला तुकडा फ्रिजमागे किंवा कोपऱ्यात जावा. ही पाच मिनिटं तो टाळायला बघेल. टाळू देऊ नका.

पहिली ओळ ओट्याच्या दगडावर टेकवायची नाही, मधे दोन मिलिमीटर फट. त्या फटीत ग्राउट नको, सिलिकॉन भरायचं. ओटा आणि भिंत वेगवेगळे हलतात, ग्राउट तिथे तडकतं, आणि त्या बारीक चिरेतून पाणी, मागून झुरळं.

८. हातात घेताना आणि नंतर

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोटाच्या पेराने प्रत्येक टाइल वाजवा, चारही कोपरे आणि मधे. भरीव असेल तर टक टक, पोकळ असेल तर डब डब. डब डब वाजलेल्या टाइलवर पेन्सिलने फुली मारा आणि मिस्त्रीचे शेवटचे पैसे देण्याआधी बदलून घ्या. माझ्या भिंतीवर तीन फुल्या पडल्या होत्या, तिन्ही कोपऱ्यांत, जिथे संध्याकाळची घाई झाली होती.

साफसफाईला फिनेलच्या दुकानातलं ॲसिड वापरू नका. काम संपल्यावर मिस्त्रीच ॲसिडने भिंत धुवायला निघतो. त्याने सिमेंटचं ग्राउट खाल्लं जातं, स्टीलवर डाग पडतात, आणि बंद खोलीत घशाला लागतं ते वेगळं. ओलं फडकं आणि भांड्याचा साबण पुरतो. सिंकमागच्या पांढऱ्या ठिपक्यांना व्हिनेगर पाण्यात मिसळून, ते ग्लेझ्ड टाइलवर आणि काचेवरच. नंतर साध्या पाण्याने पुसून घ्यायचं.

उरलेल्या टाइल्स दुकानाला परत देऊ नका. पाच-सहा जपून ठेवा, आणि पेटीवरचा शेड नंबर बिलाच्या मागे लिहून ठेवा, कारण पेटी पावसाळ्यात भिजून फेकली जाते. आमच्या सहा टाइल्स पलंगाखाली पडून होत्या. परवा भाच्याने क्रिकेटच्या बॅटने एक फोडली, आता पाच आहेत.